जबाबदार नातेवाईकाचा रकाना

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सगुणाबाई धर्मादाय रुग्णालय,
कराड, जि. सातारा.

अर्जदार : गुंडा तात्याबा निकम, वय ५२, माजी काटा कारकून, रा. कुंडल, जि. सांगली.
सध्या मुक्काम : आपल्याच रुग्णालयाचा व्हरांडा, केसपेपरच्या खिडकीसमोरील तिसरे बाकडे.

विषय : रुग्णास दाखल करून घेण्याच्या छापील अर्जातील ‘जबाबदार नातेवाईक’ या रकान्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची सूचना, जावक क्र. २११, दि. २२ डिसेंबर १९९७.
२) अर्जदाराचे तेरा जुने केसपेपर.
३) काल दि. ९ रोजी खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, काल सोमवार दि. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सकाळी साडेनऊ वाजता तो हर्नियाच्या ऑपरेशनसाठी, आपण स्वतः दिलेल्या तारखेप्रमाणे, आपल्या रुग्णालयात हजर झाला. पोटाच्या जुन्या टाक्यांतून नारळाएवढा फुगवटा बाहेर आलेला असून तो पंचाने आवळून बांधलेला आहे. सोबत चादर, तांब्या, वाटी, चमचा आणि केसपेपरांची पिशवी होती. माणूस नव्हता. खिडकीवरील कारकुनांनी अर्ज वरून खाली वाचत आणला आणि अकराव्या रकान्यापाशी त्यांचे बोट थांबले. त्या रकान्याचे नाव ‘जबाबदार नातेवाईक व रुग्णाशी नाते’ असे आहे. “हे कोरं चालत न्हाई. माणूस आणा, मग दाखल करतो,” असे म्हणून त्यांनी अर्ज परत सरकवला. त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. अर्जदार स्वतः चोवीस वर्षे कारकून होता आणि कोरा रकाना कारकुनाच्या डोळ्यांत किती खुपतो हे त्याला ठाऊक आहे. तेव्हापासून तो बाकड्यावर बसून आहे. पहारेकऱ्याने त्याला हाकलले नाही, याची चांगल्या अर्थाने नोंद व्हावी.

२. हकीकतीला थोडी लांबण लागेल. पण ती सांगितल्याशिवाय रकाना कोरा का राहिला हे आपल्या ध्यानात येणार नाही. अर्जदार साखर कारखान्यावर काटा कारकून होता. उसाची गाडी काट्यावर चढवायची, वजन घ्यायचे, पावती फाडायची, हे काम त्याने चोवीस हंगाम केले. त्याच्या हातून एका किलोचीही खोटी नोंद झाली नाही. हे मुद्दाम का लिहिले ते पुढे कळेल. त्याचे स्वतःचे वजन एक क्विंटल अठ्ठावन्न किलो होते. डॉक्टरांचा काटा एकशेवीसलाच संपत असल्याने त्याला गोदामात साखरेच्या पोत्यांच्या काट्यावर उभे करून वजन घेतले, आणि पावतीवरील ‘मालाचा प्रकार’ या रकान्यात सहकाऱ्यांनी ‘गुंडाभाऊ’ असे लिहिले. पावती सोबत जोडली आहे.

३. त्या वजनाची लाज अर्जदारास वाटत नव्हती, कारण गावात त्याला जी काही किंमत होती ती वजनामुळेच होती. कुंडलपासून कराडपर्यंत कुठे लग्न असो की बारसे, पत्रिका त्याच्या नावाची वेगळी येई. पंगतीत त्याला पाहुण्यांच्या नजरेसमोर बसवीत. “गुंडाच्या पानाकडं बघा रं, रिकामं दिसाय नको,” असा वाढप्यांना हुकूम सुटे. एकाहत्तर जिलब्यांची पैज त्याने जिंकली त्या दिवशी नवरदेवाकडे कोणी पाहिले नाही. ‘गुंडा जेवून गेला, आता कार्य पार पडलं’ असे यजमान म्हणत. शितं तिथं भुतं, हे अर्जदारास तेव्हाही कळत होते. पण त्याला ती भुतं मनापासून आवडत.

४. सन १९९२ मध्ये दहा पावले टाकली की दम लागू लागला आणि झोपेत श्वास अडकू लागला. कारखान्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत सांगितली. म्हणून दि. ११ जानेवारी १९९३ रोजी मुंबईस वजन उतरवण्याचे ऑपरेशन झाले. त्यात जठराला उभ्या टाचण्या मारून वरच्या बाजूस अंगठ्याएवढा कप्पा ठेवतात आणि कप्प्याच्या तोंडाशी पट्टी बांधतात. करंगळीहून जाड काही त्यातून खाली उतरत नाही. अर्धा चमचा तोंडात घ्यायचा, तीस वेळा चावायचा, गिळायचा, एक मिनिट थांबायचे, मग पुढचा अर्धा चमचा, असे जन्मभराचे वेळापत्रक सर्जनांनी समजावून दिले होते. त्यांनी काही लपवले नाही. दीड वर्षात अर्जदार एकसष्ट किलोवर आला. गुडघे दुखायचे थांबले, झोप लागू लागली. ऑपरेशन यशस्वी झाले हे अर्जदार कबूल करतो.

५. घोटाळा झाला तो गावात. एवढा गडी वाटीभर पेजेवर जगतो हे कोणाच्या पचनी पडेना. अर्जदाराचे थोरले बंधू लालासाहेब, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त, यांनी यात्रेच्या दिवशी स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात मटण वाढले. “डाक्टरला काय कळतंय? खा. खाल्ल्याबिगार अंगात ताकद कशी यील?” थोरल्या भावाने वाढलेले परत करायचे कसे? अर्जदाराने दोन तुकडे खाल्ले. दुसरा कप्प्याच्या तोंडाशी अडकला, आणि त्याच संध्याकाळी तो प्रथम आपल्या रुग्णालयात आला. तो पहिला केसपेपर, एप्रिल १९९३. दुसरा हुरड्याचा. कोवळे दाणे पोटात फुगले. तिसरा एका बारशाच्या शिऱ्याचा. चौथ्याला कोणी काही खाऊ घातले नव्हते; दीड महिना उलट्या होऊन पायांतली जाणीव गेली होती आणि जीवनसत्त्वाच्या सुया द्याव्या लागल्या. पुढे रक्त कमी पडले, पित्ताशयात खडे झाले, आतडी एकमेकांना चिकटली. प्रत्येक वेळी आपल्या डॉक्टरांनी बरे करून घरी पाठवले आणि प्रत्येक वेळी अर्जदार परत आला. मुंबई लांब पडते, आणि कराडच्या एस.टी.ला खिडकीजवळची जागा मिळते.

६. अर्जदार पहिल्यांदा दाखल झाला तेव्हा भाऊकी ट्रॅक्टर भरून आली होती. वॉर्डात जागा पुरेना म्हणून सिस्टर नीलिमा यांनी सगळ्यांना रागावून बाहेर काढले होते, त्यांना आठवत असेल. दुसऱ्या वेळी जीप आली. पाचव्या वेळी मोटारसायकल. सातव्या वेळी निरोप आला. रोज मरे त्याला कोण रडे, हे खरेच आहे. पण याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्यासारख्या शहरी माणसाच्या लक्षात येण्याजोगे नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. केळी, शहाळे, बिस्किटांचा पुडा, काहीतरी हातात लागते. अर्जदारासाठी काय न्यावे हेच कोणाला समजेना. केळ्याचा घास अडकतो, बिस्किटांनी मळमळते, शहाळ्याचे पाणी अर्धा कप पिण्यास पाऊण तास लागतो, तोवर आणणारा बसून बसून कंटाळतो. काही न नेता जाणे बरे दिसत नाही आणि नेलेले तो खात नाही. म्हणून लोक यायचेच थांबले. लग्नाच्या पत्रिकाही अशाच थांबल्या. पंगत उठली तरी हा पहिल्याच पोळीशी बसलेला; यजमानाला वाटे, अन्नाला नावे ठेवतोय. आता पत्रिका लालासाहेबांच्या नावाने येते आणि खाली ‘सहकुटुंब’ छापलेले असते. त्यात अर्जदार धरलेला असतो की नाही, हे विचारायचे धाडस त्याने केलेले नाही.

७. पहिल्या नऊ केसपेपरांवर अकराव्या रकान्यात एकच नाव आढळेल : साळूबाई गुंडा निकम, पत्नी. ती खाटेखाली पोते अंथरून झोपे. औषधाच्या रांगेत उभी राही. अर्जदाराचा एकेक अर्धा चमचा होईपर्यंत शेजारी बसून गावच्या गोष्टी सांगे, म्हणजे मधले मिनिट जड जात नसे. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही, असे लिहिणे खोटे होईल. घालत असे. “माझं निम्मं आयुष्य ह्या खाटंखाली गेलं,” असे ती सातव्या वेळी सिस्टरांना म्हणाली, आणि ते खरे होते.

दि. १२ ऑगस्ट १९९६ रोजी साळूबाईला ताप भरला आणि तिला आपल्याच स्त्री वॉर्डात दाखल केले. अर्जदारावर प्रथमच त्या रकान्यात सही करण्याची वेळ आली. नाते : पती. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी सांगितले, “शुद्ध येऊन-जाऊन आहे, जागी झाली की चमच्यानं पेज द्या.” अर्जदार वाटी घेऊन बसला होता. पण सकाळपासून औषधाच्या रांगेत उभा राहिल्याने त्याला उलटी आली. तो मोरीपाशी गेला आणि चक्कर येऊन तिथेच भिंतीला टेकून बसला. किती वेळ ते सांगता येत नाही. चार वाजताची भेटीची घंटा झाली, सगळ्यांची माणसे पिशव्या घेऊन आत निघाली, त्यांच्या पाठोपाठ तो आत आला. साळूबाईच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पेज वाटीत तशीच होती. सिस्टरांनी हाका मारल्या होत्या म्हणे, “नातेवाईक कोण आहे, नातेवाईक?” रकान्यात नाव अर्जदाराचे होते आणि खाटेजवळ कोणी नव्हते. याबद्दल आपल्या कार्यालयाने त्याला कधी विचारले नाही. म्हणून तो आज स्वतःहून लेखी देत आहे.

८. दहाव्या वेळी कन्या क्रांती पाचगणीहून आली. तिचे मालक तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात नोकरीस आहेत. कडेवर वर्षाचे मूल होते. वॉर्डात मुलाला खोकला झाला, पाचव्या दिवशी सासूचा निरोप आला, ती रडत गेली. तिला पुन्हा बोलवायचे नाही, हे अर्जदाराने स्वतः ठरवले आहे. तिचा दोष नाही. अकराव्या वेळी लालासाहेब आले. “आरं, दरसाल छुट्टी काढल्यागत ॲडमिट हुतोस की रं तू,” असे म्हणाले, सही केली आणि ऊस तुटायला आलाय म्हणून दुपारच्या गाडीने परतले. अर्जदार हसला. त्यालाही विनोद कळतो. पण ते गेल्यावर त्याला पाणी द्यायला कोणी नव्हते.

९. बारावा केसपेपर जुलै १९९७ चा. त्याही वेळी हाच रकाना आडवा आला, आणि पावसात अर्जदार फाटकाजवळच्या चहाच्या टपरीत पोट धरून बसला. तिथे धोंडिराम लक्ष्मण होवाळ नावाचे साठीचे गृहस्थ बसत. मुंबईच्या गिरणीत तीस वर्षे काढलेली. गिरणी बंद पडली, ते परत आले, तोवर गावात त्यांचे म्हणावे असे कोणी उरले नव्हते. त्यांनी अर्जदाराचा कागद पाहिला आणि विचारले, “रकाना भरायचाय न्हवं? चला.” नाते काय लिहायचे, असे अर्जदाराने विचारता ते म्हणाले, “चुलत भाऊ लिवा. सख्खा म्हटलं की दोघांची तोंडं ताडून बघत्यात. मामा म्हटलं की गाव इचारत्यात. चुलत भावाला कोण काय इचारत न्हाई.” आणि खरोखर कोणी विचारले नाही. अर्जदाराने चोवीस हंगाम जपलेल्या हाताने त्या दिवशी खोट्या नोंदीखाली सही केली. त्याला लाज वाटली. बरेही वाटले.

धोंडिरामना यात काय मिळे, तेही लिहितो. आपला ट्रस्ट नातेवाईकास गुलाबी पास देतो आणि पासावर एक वेळचे जेवण मिळते : दोन भाकऱ्या, आमटी, भात. तेवढ्यासाठी ते नातेवाईक होत. पण पास घेऊन पसार होणाऱ्यांतले ते नव्हते. रक्त तपासायला कुठल्या दाराने जायचे, कुठल्या डॉक्टरांना सकाळी गाठायचे, सगळे त्यांना तोंडपाठ होते. जेवायला मात्र ते ताट घेऊन अर्जदाराच्या खाटेपाशी येत. अर्जदाराच्या ताटातले उरलेलेही त्यांनाच जाई. ते भाकरी कुस्करून, आमटी वरपून, बोटे चाटून जेवत आणि अर्जदार पाहत बसे. चार-साडेचार वर्षांत त्याच्यासमोर बसून असे मनसोक्त कोणी जेवले नव्हते. सगळे त्याच्यासमोर चोरून खात. “तुमच्या वाटणीचं बी जेवतो बघा, निकमसायब,” असे ते म्हणत. अर्जदार त्यांना म्हणे, “आवं, आणखी भात मागून घ्या.” तेराव्या वेळी, नोव्हेंबरात, अर्जदार एस.टी.तून उतरला तेव्हा ते फाटकाशी उभेच होते. “आलासा? म्या म्हटलं, पाऊस सरला, आता यायचं,” असे म्हणाले. आपली कोणी वाट पाहत होते, हे अर्जदारास फार दिवसांनी समजले.

१०. डिसेंबरात हे उघडकीस आले. शेजारशेजारच्या दोन खाटांपैकी एकीवर धोंडिराम हे सासरे आणि दुसरीवर धाकटे भाऊ निघाले. आपण रजिस्टर मागवून पाहिले, तेव्हा दोन वर्षांत ते एकेचाळीस रुग्णांचे मामा, मेहुणे, चुलते, व्याही असे लागले. त्यावर सूचना क्र. २११ निघाली : सदर इसमास आवारात मज्जाव, आणि नातेवाईकाची खात्री पटल्याशिवाय कोणासही दाखल करू नये. अर्जदाराच्या बाबतीत ‘निकम व होवाळ हे चुलत भाऊ कसे?’ असा शेरा पेन्सिलीने मारलेला आहे. शेरा योग्य आहे. पण छापील अर्जात आडनावाचा मेळ घालण्याचा रकाना नाही. ही बातमी कुंडलला पोहोचली. लालासाहेबांना तर ती फारच झोंबली. होवाळांचा माणूस निकमांच्या भाऊकीत लिहिलास, आता आमच्या दारात येऊ नकोस, असे त्यांनी कळवले. अर्जदाराने उलट एवढेच विचारले की, रकाना रिकामा होता त्या दिवशी भाऊकी कुठे होती? काल अर्जदार एकटा का आला, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

११. काल दुपारी सिस्टर नीलिमा व्हरांड्यातून जाताना थांबल्या. त्या म्हणाल्या, “निकम, तुमचे चुलत भाऊ आत आहेत. नऊ नंबरच्या खाटेवर.” धोंडिरामना गुरुवारी दि. ५ रोजी टपरीतच पक्षाघाताचा झटका आला. टपरीवाल्याने हातगाडीवर घालून आणले. रुग्ण तातडीचा म्हणून त्यांना मज्जावाची सूचना लागू झाली नाही, हे आपल्या डॉक्टरांचे मोठेपण. उजवे अंग गेले आहे, वाचा गेली आहे. एकेचाळीस खाटांचा हा नातेवाईक. त्याच्या स्वतःच्या केसपेपरवर अकरावा रकाना कोरा आहे. सात दिवसांत नातेवाईक न आल्यास रुग्णास साताऱ्याच्या निराधार केंद्रात हलवावे असा आपला नियम आहे, आणि तो सातवा दिवस परवा गुरुवारी भरतो.

सिस्टरांच्या परवानगीने अर्जदार भेटीच्या वेळेत आत जाऊन आला. तिथे त्याने जे पाहिले ते असे : वॉर्डबॉयला वीस खाटा आहेत, त्याला घाई असते. तो चमचाभर पेज तोंडात ओततो. धोंडिरामना गिळता येत नाही, ठसका लागतो, डोळे पांढरे होतात. मग वॉर्डबॉय म्हणतो, “म्हातारा खात न्हाई,” आणि वाटी उचलतो. चार दिवसांत ते असे सुकले आहेत की एकाहत्तर जिलब्या पचवलेल्या माणसाला ते बघवले नाही. अर्जदाराने वाटी हातात घेतली. अर्धा चमचा दिला. थांबला. त्या मिनिटात काही बोलायचे असते हे त्याला आठवले, म्हणून या हंगामात कुंडलकडे ऊस कसा पडला आहे ते त्याने सांगितले. गिळल्याचा आवाज आला. मग पुढचा अर्धा चमचा. पाऊण तासात सगळी वाटी संपली आणि ठसका एकदाही लागला नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. अर्जदाराकडे पास नसल्याने त्याला बाहेर यावे लागले. धोंडिरामनी डाव्या हाताने त्याची बाही धरली होती, ती सिस्टरांनी सोडवली.

१२. सबब, अर्जदाराची मागणी कालपर्यंत होती ती राहिलेली नाही. ‘नातेवाईकाशिवाय दाखल करून घ्यावे’ असा अर्ज त्याने लिहून ठेवला होता, तो फाडला आहे. आता विनंती पुढीलप्रमाणे आहे.

आपल्या रजिस्टरात दि. १७ जुलै व दि. २० नोव्हेंबर १९९७ रोजी, आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यानिशी, धोंडिराम लक्ष्मण होवाळ हे अर्जदाराचे चुलत भाऊ असल्याची नोंद आहे. पेन्सिलीचा शेरा आहे; पण नोंद शाईने खोडलेली नाही, आणि शाईने खोडल्याशिवाय नोंद रद्द होत नाही हे अर्जदार कारकून या नात्याने जाणतो. धोंडिराम जर अर्जदाराचे चुलत भाऊ, तर अर्जदार धोंडिरामचा कोण? दुसरे काही होऊच शकत नाही. तरी खाट क्रमांक नऊच्या केसपेपरवरील अकराव्या रकान्यात अर्जदाराचे नाव लिहून त्यास गुलाबी पास द्यावा. खोट्या नोंदीबद्दल जी काही शिक्षा असेल ती अर्जदार भोगील. मात्र ती वॉर्डाबाहेर काढण्याची नसावी.

पासावरील जेवण अर्जदारास लागणार नाही. ते आपण बंद केले तरी चालेल. चालू ठेवल्यास तो आमटीचे वरचे पाणी चमच्याने नऊ नंबरला पाजील. अर्ध्या चमच्याला एक मिनिट थांबू शकेल असा माणूस आपल्याला सातारा-सांगलीत शोधून सापडणार नाही. ते शिकण्यास अर्जदाराला पाच वर्षे आणि तेरा केसपेपर लागले आहेत. मोरीपाशी जाण्याची वेळ आली तर तो आधी सिस्टरांना सांगून जाईल. हे काम त्याने एकदा नीट केलेले नाही, ते वर लिहिलेच आहे.

हर्नियाचे म्हणाल तर पंचा घट्ट बांधलेला आहे, काही दिवस निभेल. धोंडिराम उठून बसू लागले की अर्जदार पुन्हा खिडकीवर अर्ज आणील. त्या वेळी अकरावा रकाना कोरा नसेल. त्यांना सही करता येणार नाही, बोलताही कदाचित येणार नाही. पण पुरुषाचा अंगठा आपल्या कार्यालयात डाव्या हाताचा लागतो, आणि त्यांचा डावा हात चालतो.

परवा गुरुवारच्या आत आपला हुकूम व्हावा, अशी वाट पाहत तिसऱ्या बाकड्यावर बसलेला,

(सही)
गुंडा तात्याबा निकम
कराड, मंगळवार, दि. १० फेब्रुवारी १९९८

सोबत जोडले :
१) वजनाची पावती, एक क्विंटल अठ्ठावन्न किलो.
२) केसपेपर, नग तेरा.
३) कै. साळूबाई गुंडा निकम यांचा केसपेपर, नग एक. रकाना अकरा पाहावा.
४) खाट क्रमांक नऊसाठी चमचा, लहान, घासून आणलेला. हा परत मिळाला नाही तरी चालेल.